शिफारसपत्राचे मोल : अभियांत्रिकी संशोधनाच्या प्रवेशाचा एक आढावा

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालये पुन्हा गजबजू लागली, की अभियांत्रिकीच्या अध्यापकांकडे एका विशिष्ट प्रकारच्या विनंत्यांचा ओघ सुरू होतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एम.टेक. होऊन गेलेला, मध्यंतरी पुण्यात किंवा बंगळुरूस एखाद्या कंपनीत स्थिरावलेला विद्यार्थी फोन करतो, प्रकृतीची चौकशी करतो, प्रयोगशाळेतला जुना पंप अजून चालतो का ते विचारतो, आणि मग मुद्द्यावर येतो : "सर, पीएच.डी.ला अप्लाय करतोय, तुमचा एक रेको हवा होता." अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपत असल्यामुळे विनंती करणारा घाईत असतो आणि ती ऐकणारा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेला असतो, परिणामी ज्या कागदावर एका तरुण माणसाची पुढील पाच-सहा वर्षे काही अंशी तरी अवलंबून असतात, तो कागद आपल्याकडे पुष्कळदा अर्ध्या तासात, आणि त्याहूनही पुष्कळदा खुद्द विद्यार्थ्याच्याच हातून, लिहिला जातो. या कागदाची पूर्वपीठिका काय, तो वाचणारे त्यात काय शोधतात, त्याच्या भरवशावर केलेल्या निवडी कितपत खऱ्या ठरतात, आणि आपल्याकडे त्याची एवढी परवड का व्हावी, याचा एकत्र विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

अभियंत्याने डॉक्टर व्हावे ही कल्पना मुळात फार जुनी नाही. अमेरिकेत अभियांत्रिकीतील पहिली डॉक्टरेट येल विद्यापीठाने १८६३ साली जोसाया विलर्ड गिब्ज यांना दिली. पुढे उष्मागतिकीत अजरामर झालेल्या या पुरुषाच्या प्रबंधाचा विषय होता दंतचक्रांच्या दातांचा आकार. जर्मनीत तंत्रशिक्षणसंस्थांना हा अधिकार मिळण्यास १८९९ साल उजाडावे लागले. कैसर दुसरा विल्हेल्म याने बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथील संस्थेच्या शताब्दीच्या निमित्ताने तो बहाल केला खरा, परंतु जुन्या विद्यापीठांनी नाके मुरडली म्हणून ही पदवी लॅटिनमध्ये न लिहिता जर्मनमध्येच लिहावी अशी तोड काढण्यात आली. आपल्याकडे रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे आणि पुण्याचे १८५४ चे, म्हणजे काळाच्या हिशेबात आपण मागे नव्हतो. पण त्यांचा हेतू ज्ञानाची भर घालणे हा नसून सार्वजनिक बांधकाम खात्याला कालवे, पूल आणि रस्ते बांधणारी माणसे पुरविणे हा होता. १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून परीक्षेत पहिले आलेले विश्वेश्वरय्या पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले, ते निव्वळ गुणक्रमाच्या बळावर. त्या व्यवस्थेत गुणक्रम हीच शिफारस असे, आणि ती कोणा व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळे तिचा दरारा मोठा होता.

या दराऱ्याची दुसरी बाजू म्हणजे वशिला. इंग्रजी अमदानीत साहेबाची चिठ्ठी खिशात बाळगून एका बंगल्यावरून दुसऱ्या बंगल्यावर नोकरी शोधणाऱ्या खानसाम्यापासून ते मामलेदार कचेरीत चिकटू पाहणाऱ्या उमेदवारापर्यंत सर्वांनाच शिफारशीचा एकच अर्थ ठाऊक होता : वजनदार माणसाने आपले वजन दुसऱ्याच्या पारड्यात टाकणे. आजही आपल्या मध्यमवर्गीय मनात गुणपत्रिका ही स्वच्छ आणि शिफारस ही किंचित डागाळलेली वस्तू आहे, याचे मूळ या दुहेरी वारशात आहे. वशिल्याच्या तट्टांची आपण मनापासून टिंगल करतो आणि स्वतःवर पाळी आली की संस्थेच्या अध्यक्षांचे पत्र मिळते का ते पाहतो. डॉक्टरेटच्या प्रवेशासाठी मागितले जाणारे पत्र मात्र या दोन्हींहून निराळ्या जातीचे आहे. त्यात गुणांची पुनरुक्ती निरुपयोगी असते, कारण गुणपत्रिका अर्जाला जोडलेलीच असते. आणि वजनदार सहीही निरुपयोगी असते, कारण ज्याने विद्यार्थ्याचे काम पाहिलेले नाही अशा कुलगुरूची सही वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्या पत्रात साक्ष हवी असते, आणि साक्ष देण्याचा अधिकार ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यालाच असतो.

अशा साक्षीचे आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण रामानुजन यांच्या चरित्रात सापडते, आणि गंमत अशी की त्यात एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाचा हात आहे. १९१२ साली रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकुनी करीत असता मद्रास इंजिनिअरिंग कॉलेजातील स्थापत्याचे प्राध्यापक ग्रिफिथ यांच्याकडे त्यांच्या गणिताचे काही नमुने पोहोचले. ग्रिफिथ यांनी तेव्हा जे केले ते आजही अनुकरणीय आहे. आपल्याला यातले मर्म कळत नाही हे ओळखून त्यांनी कोणतेही विशेषण न उधळता ते नमुने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक हिल यांच्याकडे धाडले. हिल यांचे उत्तर काही उत्साहवर्धक नव्हते. अपसारी श्रेणींच्या खळग्यात हा तरुण पडला आहे, त्याने ब्रॉमविचचा अनंत श्रेणींवरील ग्रंथ वाचावा, असा त्यांचा सल्ला होता. परंतु प्रकरण हलले ते हलले. १९१३ च्या आरंभी वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर यांनी मद्रासच्या भेटीत रामानुजन यांचे काम पाहून विद्यापीठाला पत्र लिहिले आणि दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे केंब्रिजचे गणिती हार्डी यांच्या सूचनेवरून त्यांचे सहकारी नेव्हिल यांनी १९१४ च्या जानेवारीत मद्रासमध्ये रामानुजन यांच्या वह्या स्वतः चाळून विद्यापीठापाशी रदबदली केली, तेव्हा केंब्रिजला जाण्यासाठी वर्षाला २५० पौंडांची तजवीज झाली. यांपैकी प्रत्येकाने आपण काय पाहिले आणि आपल्याला किती कळते याची मर्यादा सांभाळली, म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत आली.

याच्या उलट टोकाला एक प्रसिद्ध पत्र आहे, ज्याचा दाखला आमच्या व्यवसायातील आळशी मंडळी आवडीने देतात. जॉन नॅश हा तरुण कार्नेगी इन्स्टिट्यूटमध्ये रासायनिक अभियांत्रिकीसाठी दाखल झाला, तेथून रसायनशास्त्राकडे आणि मग गणिताकडे वळला, आणि १९४८ साली बी.एस. व एम.एस. या दोन्ही पदव्या एकदमच घेऊन बाहेर पडला. प्रिन्स्टनसाठी त्याचे प्राध्यापक डफिन यांनी जे पत्र लिहिले ते अवघ्या चार-सहा ओळींचे आहे आणि त्याचा सारा भार, हा मुलगा गणितातील प्रतिभावंत आहे, या एका विधानावर आहे. एवढ्यावर काम भागले, कारण डफिन स्वतः नाव असलेले गणिती होते आणि प्रिन्स्टनमधल्या माणसांना त्यांच्या शब्दाचे वजन ठाऊक होते. ज्या महाविद्यालयाचे नाव वाचणाऱ्याने उभ्या आयुष्यात ऐकलेले नाही, तेथील प्राध्यापकाने तेच वाक्य लिहिले तर ते हसण्यावारी जाईल. सांगली, अमरावती वा फोंडा येथून लिहिणाऱ्याला आपल्या पत्रातच आपली पत निर्माण करावी लागते, आणि ती तपशिलाखेरीज दुसऱ्या कशाने होत नाही.

वाचणारा काय शोधतो हे देशपरत्वे बदलते, आणि ते न जाणता एकच मसुदा सगळीकडे पाठविण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याची फी आणि निर्वाहवेतन यांचा भार बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानावर पडतो. तेव्हा प्रवेश देणे म्हणजे पाच वर्षांसाठी एक माणूस पदरी बाळगणे होय, आणि बाळगणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की यंत्र बिघडल्यावर हा मनुष्य काय करतो. २०२० च्या महामारीपासून पुष्कळ विभागांनी जीआरई या प्रवेश-परीक्षेची अट काढून टाकली किंवा ऐच्छिक केली, त्यामुळे तीन शिफारसपत्रांकडे पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहिले जाते. पत्रासोबत एक तक्ताही भरून द्यावा लागतो : विद्यार्थी आपण पाहिलेल्यांपैकी वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत बसतो? आमच्यापैकी बहुतेकजण भीड म्हणून सरसकट पहिल्याच चौकोनावर टिचकी मारतात. एकाच अध्यापकाकडून एकाच विभागात चार अर्जदार गेले आणि चौघेही वरच्या १ टक्क्यात निघाले, की पाचव्याचे काय होते हे सांगायला नको.

जर्मनीत रीत वेगळी आहे. तेथे अभियांत्रिकीतील डॉक्टरेट पुष्कळदा विद्यापीठाच्या अध्यासनाखालील पगारी नोकरीच्या रूपाने केली जाते. जागा निघते, अर्ज येतात, प्राध्यापक मुलाखत घेतो, आणि शिफारस देणाऱ्याशी दोन शब्द बोलून खातरजमा करतो. लेखी प्रशस्तीपत्रांवर त्यांचा फारसा विश्वास नाही आणि त्याला कारण आहे. तेथील कायद्याने नोकरी सोडणाऱ्यास प्रमाणपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे आणि ते सत्य असूनही सद्भावनेचे असावे असा न्यायालयांचा दंडक आहे. त्यामुळे एक सांकेतिक भाषाच तयार झाली, जिच्यात "सदैव आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे" म्हटले तर माणूस उत्कृष्ट, त्यातला "सदैव" गळला तर एक पायरी खाली, आणि "समाधानाप्रमाणे" एवढेच उरले तर जेमतेम. आमच्या सरकारी कचेऱ्यांतील गोपनीय अहवालांची कथा याहून फार निराळी नाही. "अ+" न मिळालेला "ब+" वाला स्वतःला अपमानित समजतो, तेथे शब्दांची किंमत केव्हाच उतरून गेलेली असते.

आणि खुद्द आपल्या देशात? येथे शिफारसपत्राला अर्जात क्वचित जागा असते, निर्णयात नसते म्हटले तरी चालेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे विद्यापीठाने स्वतःची प्रवेश-परीक्षा घेतल्यास लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. पदव्युत्तर पदवी घेऊन येणाऱ्यास साधारणतः ५५ टक्के गुण ही पूर्वअट आहे. आयआयटी आपले नियम स्वतः करतात, पण तेथेही लेखी चाचणी आणि मुलाखत यांवरच भिस्त असते. गुणक्रमाचा जुना दरारा अजून ओसरलेला नाही, आणि वशिल्याचा इतिहास पाहता त्याला दोषही देता येत नाही. तरीसुद्धा 'पेट' या पीएच.डी. प्रवेश-परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्नांनी जे कळते ते आणि चार वर्षे एका न सुटणाऱ्या प्रश्नापाशी बसण्यासाठी जे लागते ते, यांत अंतर फार आहे.

येथे एम.टेक.च्या माजी विद्यार्थ्याचे वेगळेपण ध्यानात येते. बी.टेक.च्या विद्यार्थ्याविषयी अध्यापक सांगू शकतो ते वर्गातले. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष मात्र जवळजवळ सगळेच प्रबंधाला दिलेले असते, म्हणजे ज्या कामासाठी शिफारस करायची त्याचाच एक छोटा नमुना मार्गदर्शकाच्या डोळ्यांदेखत घडून गेलेला असतो. एक उदाहरण जरा जवळून पाहू. जलसंपदा अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने पुलाच्या खांबाभोवती होणाऱ्या नदीतळाच्या धुपेचा विषय घेतला होता. विषय आपल्याकडे नवा नाही. इंग्रजी अमदानीतील अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी खडकवासल्याच्या प्रयोगशाळेत या प्रश्नावर काम केले होते, आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळल्यापासून तर नद्यांवरील जुन्या पुलांच्या पायांविषयी प्रत्येक इंजिनिअर चिंतेत असतो. प्रयोग वरकरणी सोपा : काचेच्या लांब नालीत वाळूचा थर, मधोमध एक उभा नळा, वरून ठरावीक प्रवाह, आणि नळ्याच्या पायथ्याशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा वाळू उपसत असताना खड्ड्याची खोली मोजत राहायचे. अडचण अशी, की वाळू वरून वाहत येत नसेल तर ही खोली स्थिरावण्यास पुष्कळदा दिवस लागतात, आणि एवढा धीर नसलेले विद्यार्थी संध्याकाळी पंप बंद करून शेवटचा आकडा अंतिम म्हणून लिहून मोकळे होतात.

ही मुलगी रात्री थांबली. पहाटे तिच्या लक्षात आले, की प्रवाह मोजणाऱ्या त्रिकोणी खाचेवरील पाण्याची पातळी संध्याकाळपेक्षा किंचित खाली आहे. फरक दोनेक टक्क्यांचा होता आणि कोणीही तो सोडून दिला असता; पण त्रिकोणी खाचेतून जाणारा प्रवाह पातळीच्या अडीचाव्या घातानुसार बदलतो, म्हणजे पातळीतील २ टक्क्यांची घट प्रवाहात सुमारे ५ टक्क्यांची होते, हे तिने तेथेच कागदावर मांडले आणि घट का झाली ते शोधू लागली. खालच्या हौदाच्या सांध्यातून पाणी झिरपत होते. सांधा बुजविणे हे काम फारसे मोठे नव्हते. मोठे होते ते पुढचे. याआधीच्या साऱ्या रात्रींच्या नोंदी याच हौदावर घेतलेल्या असल्याने त्याही संशयास्पद ठरत होत्या, आणि प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली असताना कोणी न सांगता तिने त्या मालिका पुन्हा केल्या, जुने आकडे खोडून न टाकता परिशिष्टात ठेवले आणि का वगळले याची कारणे दिली.

असा परिच्छेद शिफारसपत्रात उतरला की वाचणाऱ्याला दुसरे काही विचारावे लागत नाही. त्यात "अत्यंत हुशार" हा शब्द नाही, "कष्टाळू" नाही, "उत्तम संवादकौशल्य" नाही. तरीही चिकाटी, गणितावरची पकड, प्रामाणिकपणा आणि विनासूचना काम करण्याची वृत्ती या चारही गोष्टी कोणी न म्हणता सिद्ध होतात. त्याच पत्रात मग हेही लिहिण्याची मोकळीक मिळते, की तिचे इंग्रजी लेखन सावकाश होते आणि संगणकीय प्रतिकृतींचा तिला अनुभव नाही. उणीव सांगितल्याने पत्र दुबळे होते ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. ज्या पत्रात एकही उणीव नाही ते पत्र लिहिणाऱ्याने माणूस नीट पाहिलेला नाही, असाच अर्थ अनुभवी वाचक काढतो.

शिफारसपत्रांवर झालेल्या संशोधनाचाही रोख साधारण याच दिशेने आहे. अमेरिकेतील कुन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा परीक्षेतील गुणांविषयी अशी पत्रे फारसे नवे सांगत नाहीत, परंतु विद्यार्थी पदवी पुरी करील की मध्येच सोडील याचा थोडाफार अंदाज मात्र त्यांतून मिळतो, असे निष्पन्न झाले. डॉक्टरेटच्या बाबतीत हा अंदाजच महत्त्वाचा, कारण तेथे बुद्धी कमी पडल्याने नापास होणाऱ्यांपेक्षा मधल्या वर्षांत वाळून जाणारे अधिक. दुसऱ्या एका प्रकारचे संशोधन आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. ट्रिक्स आणि सेंका या दोन संशोधिकांनी २००३ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातील तीनशेहून अधिक पत्रे तपासली. स्त्रियांविषयीची पत्रे तुलनेने तोकडी, त्यांत शंका उत्पन्न करणारे शब्दप्रयोग अधिक, आणि पुरुषांच्या संशोधनाचा उल्लेख होतो तेथे स्त्रियांच्या अध्यापनाचा व कष्टाळूपणाचा. २०१६ मध्ये भूविज्ञानातील, ५४ देशांतून आलेल्या १,२२४ पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्कृष्ट म्हणता येईल असे पत्र मिळण्याची शक्यता स्त्री-उमेदवारांच्या बाबतीत पुरुषांच्या निम्मीच आढळली, आणि लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, त्यात फरक पडला नाही.

हे वाचून आपल्याकडील पत्रे आठवतात. मुलाविषयी "स्वतंत्र विचाराचा" आणि मुलीविषयी "नम्र, मेहनती व आज्ञाधारक" हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की लिहिताना हात अडखळतही नाही. आज्ञाधारक हा गुण गृहस्थी शिष्टाचारात कितीही थोर असो, संशोधकाच्या शिफारशीत तो जवळजवळ अवगुण आहे. वर सांगितलेली विद्यार्थिनी आज्ञाधारक असती तर संध्याकाळी पंप बंद करून घरी गेली असती.

आता आपल्याकडच्या दुखण्याकडे येऊ. "तूच एक ड्राफ्ट करून आण, मी सही करतो" हे वाक्य आमच्या महाविद्यालयांत इतके रुळले आहे, की ते ऐकून कोणाला धक्का बसत नाही. विद्यार्थी बिचारा तीन अध्यापकांसाठी तीन मसुदे लिहितो, तिन्हींत एकच शैली येऊ नये म्हणून मित्राकडून फेरफार करवून घेतो, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एखाद्या कार्यालयाला पैसे मोजून इंग्रजी घासूनपुसून घेतो, आणि सरतेशेवटी अध्यापकाच्या नावाने उघडलेल्या ई-मेल खात्यावरून पत्र स्वतःच चढवितो. विद्यापीठे आता संस्थेचाच ई-मेल पत्ता मागतात, ते उगाच नाही. यात अप्रामाणिकपणा आहे हे खरे, तथापि सारा दोष विद्यार्थ्यावर ढकलणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्या अध्यापकावर आठवड्याला तासांचा डोंगर, प्रवेशप्रक्रियेची ड्यूटी, मूल्यांकन समितीच्या फायली आणि एकाच वेळी अनेक प्रबंधांचे मार्गदर्शन लादलेले आहे, त्याला विद्यार्थी नावानिशी आठवत असला तरी पुष्कळ झाले. काही ठिकाणी तर मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांची गाठ सारांश सादर करताना, मधल्या सादरीकरणाच्या वेळी आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी, एवढीच पडते. असा अध्यापक साक्षीदार नसतोच, आणि त्याने तसे स्पष्ट सांगून शिफारस नाकारणे हे त्या विद्यार्थ्यावर उपकारच ठरतील. नाकारण्याची कला मात्र आपल्याला कोणी शिकविलेली नाही. मुलाहिजा म्हणून होकार द्यायचा आणि कोमट पत्र लिहायचे, हा आपला मध्यममार्ग सर्वांत घातक आहे, कारण कोमट पत्राचा तर्जुमा तिकडे नकार असाच होतो.

माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे तो स्मृतीचा आणि गोपनीयतेचा. पदवी घेऊन तीन वर्षे झाली, मध्यंतरी विद्यार्थ्याने कारखान्यात कंपनमापन केले किंवा सॉफ्टवेअर लिहिले, आणि आता तो परतू पाहतो. अशा वेळी प्रबंधाचे काम मार्गदर्शकाने आणि मधली वर्षे त्याच्या वरिष्ठाने सांगावीत, दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये, हे इष्ट. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडून प्रबंधाची प्रत, त्या काळातील नोंदवही आणि आताच्या संशोधन-उद्देशाचे निवेदन मागवून घ्यावे. स्तुतीचा मसुदा मागवू नये. गोपनीयतेविषयी जगाचा कल गेल्या अर्धशतकात बदलला आहे. अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली पत्रे पाहण्याचा हक्क दिला, आणि लगोलग तो सोडून देण्याचा चौकोनही अर्जावर आला; तो चौकोन भरलेला नसेल तर पत्राकडे संशयाने पाहण्याची प्रवृत्ती कायम आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित सेवकाला कळविलाच पाहिजे असे ठरविले. नोकरीत हे योग्यच. शिफारशीत मात्र माझे मत असे, की जे विद्यार्थ्याच्या तोंडावर सांगता येत नाही ते पत्रातही लिहू नये, आणि जे सांगता येते ते त्याने न पाहिले तरी बिघडत नाही.

एक प्रश्न पत्र लिहिण्याआधीचा आहे आणि तो आपण टाळतो : या विद्यार्थ्याने डॉक्टरेट करावी का? गेट परीक्षेच्या बळावर एम.टेक. करताना दरमहा १२,४०० रुपयांवर दिवस काढलेल्या तरुणाला कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे २०२३ पासूनचे ३७,००० रुपये मोठे वाटतात, पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीचे सुरुवातीचे ७०,००० तर फारच मोठे. पण त्याच्या बरोबरीचे मित्र तोपर्यंत घराचे हप्ते फेडू लागलेले असतात, धाकट्या बहिणीचे शिक्षण बाकी असते, आणि गावाकडे "अजून शिकतोच आहे" या वाक्याचा सूर दरवर्षी बदलत जातो. मंडळाच्या परीक्षेपासून पहिल्या क्रमांकावर असलेल्या, पण ठरवून दिलेले कामच उत्तम करणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधनात ढकलणे ही शिफारस नव्हे, अन्याय आहे. त्याच्यासाठी एखाद्या चांगल्या आरेखन-कार्यालयाला पत्र लिहावे. उलट मध्यम गुणांचा, परंतु प्रबंधातील एका आलेखातला वाकडा बिंदू विसरू न शकणारा विद्यार्थी असेल, तर त्याच्यासाठी पत्र लिहिताना गुणपत्रिकेशी भांडायला लागले तरी भांडावे. असे पत्र लिहायला वेळ लागतो आणि ते लिहिण्याचा अधिकारही फार थोड्यांबाबत मिळतो.

व्यवस्थेच्या बाजूने एक सूचना करण्यासारखी आहे. एम.टेक.च्या तोंडी परीक्षेनंतर आज आपण गुणांचा तक्ता भरतो, सह्या करतो आणि चहा घेऊन उठतो. त्याच बैठकीत मार्गदर्शक आणि बाह्य परीक्षक या दोघांनी मिळून, विद्यार्थ्याने काय केले, कोठे अडला, त्यातून कसा निघाला आणि कोणते काम अपुरे राहिले, याची अर्ध्या पानाची टिपणी लिहून विभागाच्या दप्तरी ठेवावी. पुढे मार्गदर्शक निवृत्त झाला वा दुसऱ्या संस्थेत गेला, तरी माजी विद्यार्थ्याला तिची प्रमाणित प्रत मिळण्याची सोय असावी, आणि देशातल्या देशात संशोधन-प्रवेशाच्या मुलाखतीत ती समितीपुढे यावी. यावर आक्षेप ठरलेला आहे : काही वर्षांत हीही टिपणी छापील नमुन्यासारखी होईल, "काम समाधानकारक" एवढा शेरा मारून लिपिक फाइल बंद करील. ही भीती खोटी नाही. पण बाहेरच्या परीक्षकाची सही असल्याने निव्वळ घरगुती स्तुतीला थोडा आळा बसेल, घटना ताज्या असताना लिहिल्याने तपशील शाबूत राहील, आणि नोव्हेंबरच्या घाईत फोन करणाऱ्या विद्यार्थ्यापाशी निदान एक खरा कागद असेल. परीक्षकाला तोंडी परीक्षेचे मानधन मिळतेच. त्यात ही अर्ध्या पानाची जबाबदारी बसवायला विद्यापीठाच्या नियमावलीतले एक पोटकलम पुरे आहे.